साहेब पैसे खात नाहीत, पण...

अंबड, नाशिक

चि. समीर यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा एक पोरगा माझ्याकडचं जुनं ड्रिलिंग मशीन बघायला आला होता. तुझ्याच जिल्ह्यातला. फॅब्रिकेशनचं काम सुरू करायचंय म्हणाला. सरकारी योजना आहेत की, नवं का घेत नाहीस, असं मी सहज विचारलं. तर म्हणाला, ‘फाईल अडकलीय. साहेब पैसे खात नाहीत हो, पण पुढेही पाठवत नाहीत.’ मग साहेबांचं नाव सांगितलं. तो माझा भाचा आहे, हे काही मला त्याला सांगवलं नाही. मशीन मात्र विकलं नाही, महिनाभर थांब म्हटलं.

समीर, लाच घेतलीस असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. हे मात्र ऐकताक्षणी पटलं, आणि तेच मला लागलं. दाजींच्या चौकशीची ती वर्षं तू शाळकरी वयात पाहिलीस. निर्दोष सुटले, पण तोवर ताईच्या पाटल्या गेल्या होत्या आणि दाजींचं हसणंही. सही म्हटलं की तुला घाम फुटतो, हे आपल्या घरात कुणाला ठाऊक नाही?

पण त्या पोराचा हिशेब बघ. खेड्यातला, ओबीसी, प्रकल्प 8 लाखांचा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात त्याने स्वतःचे 5 टक्के घालायचे, म्हणजे 40 हजार. अनुदान 35 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. तेही त्याच्या हातात पडत नाही. बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून राहतं, जागेवर पडताळणी होते, मग कर्जात वळतं होतं. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. तू छाननी करून पुढे पाठवायचंस. पुढे एवढ्या चाळण्या असताना सगळं तुझ्याच चाळणीत का अडावं? आधी कोटेशनवर शिक्का नाही म्हणून परत, मग भाडेकरार अपुरा म्हणून परत. दोन्ही त्रुटी एकाच दिवशी सांगता आल्या नसत्या?

‘उद्यम’ नोंदणी 2020 पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे. त्याच्याकडून एका एजंटाने तिचे दोन हजार घेतले. तुझ्या टेबलाशी येऊन विचारायला तो धजला नाही. हात तू स्वच्छ ठेवलेस आणि दुकान चाललं एजंटाचं.

तू बसतोस ती जिल्हा उद्योग केंद्रं 1978 मध्ये निघाली ती कशासाठी? कारखाना काढणाऱ्याला दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत म्हणून. मी सातपूरची टर्नरची नोकरी सोडून गाळा घेतला, तेव्हा एक निरीक्षक स्कूटरवरून यायचे. माझ्या प्रकल्प अहवालातली बेरीज त्यांनीच नीट करून दिली. सारखे म्हणायचे, जॉबवर्कवर राहू नका, स्वतःचा माल काढा. मी कच खाल्ली. कंपनीचं ड्रॉइंग येतंय, बुश जातायत, कशाला उचापत! आज माझ्या नावाचा साधा पंपसुद्धा बाजारात नाही. लघुउद्योगांसाठीचा 2006 चा कायदा म्हणतो बिल 45 दिवसांत द्या. माझी बिलं सहा-सहा महिने लोंबकळतात. त्या कायद्याखालच्या परिषदेकडे तक्रार केली तर व्याजासकट पैसे मिळतील, पण पुढची ऑर्डर जाईल. म्हणून गप्प बसतो. तेव्हा भीती काय असते हे तू मला शिकवू नकोस.

एक गोष्ट तुला कधी कुणी सांगितली नसेल. दाजींना सही नडली नाही. वरिष्ठांनी तोंडी सांगितलेलं त्यांनी टिपणीत लिहून ठेवलं नव्हतं, ते नडलं. तू एकदा त्या पोराच्या जागेवर जाऊन ये. काय पाहिलंस, काय तपासलंस ते तारखेसह लिही आणि मग सही कर. त्यातूनही उद्या कुणी विचारलंच, तर तुझ्या बाजूने कागद बोलेल.

फार बोललो. एमपीएससीचा निकाल लागला तेव्हा सातपूर-अंबडमध्ये ओळखीच्या एकेका गाळ्यात जाऊन मी पेढे वाटले होते. ‘आता आपलं माणूस तिकडे बसलंय,’ असं सगळ्यांना सांगत होतो. त्या तोऱ्यात बोललो असेन.

ताई सांगत होती, तुला रात्री झोप नाही. दाजींनी सगळं एकट्याने गिळलं, तू तसं करू नकोस. नोकरीचा जाच होत असेल तर तेही सांग, मी रागावणार नाही. मामीने डिंकाचे लाडू केलेत, कुणाबरोबर तरी पाठवतो. शनिवारी वर्कशॉप बंद असतं, तेव्हा कधीही फोन कर. फाईलबद्दल नाही बोललास तरी चालेल.

तुझा,
मामा