शिदोरीतली कोशिंबीर

सकाळी शेतावर निघताना आपण शिदोरी बांधतो. त्यात काय असते? दोन-तीन भाकऱ्या, पिठले, नाहीतर कोरडी चटणी. पोट भरते हे खरे. पण त्यात ताजे, कच्चे असे काही नसते. टोमॅटो, गाजरे, काकड्या आपणच पिकवायच्या, बाजारात पाठवायच्या आणि आपल्या फडक्यात मात्र कोरडी भाकरी! आम्हांला हे पटत नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, कच्चा पाला शेळीने खावा." असे कसे? खानदेशात कोवळी मेथी चिरून तिचा घोळाणा करतात. हरभऱ्याचे शेंडे खुडून भाकरीशी खाणारे गडी आम्ही पुष्कळ पाहिले. कांदा बुक्कीने फोडणे तर घरोघर चालते. तेव्हा ही काही नवी गोष्ट नव्हे. थोडी नीट करायची, इतकेच.

का करायची तेही ऐका. अंगात रक्त होण्यासाठी लोह लागते. बाजरीत लोह असते, मटकीत असते. पण धान्याकडधान्यातले लोह अंगाला सहज लागत नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाची मदत लागते. ते लिंबात, टोमॅटोत, पेरूत, कोथिंबिरीत असते. शिजवले की त्यातले बरेचसे जाते. म्हणून कच्चे खायचे, आणि भाकरीबरोबरच खायचे. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नका. चहा लोहाला अडवतो. तासाभराने घ्या.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांत सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! खुरपता खुरपता बाई म्हणते, "डोळ्यांपुढे अंधारी येते." घरचे म्हणतात, ऊन लागले असेल. दर वेळी ते ऊन नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. तिथे लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळीचे काम कोशिंबीर करणार नाही, बरे का. पण भाकरीतले लोह अंगी लागायला तिचा हातभार लागतो.

आता कृती. दोन माणसांसाठी दोन मुठी मटकी घ्या. आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला. रात्री निथळून फडक्यात बांधा. सकाळी मोड आलेले दिसतील. ते धुऊन पाच मिनिटे वाफवा आणि पुरते गार होऊ द्या. कच्चे मोड उन्हात लवकर नासतात. गरोदर बाईने व लहान मुलांनी तर ते कच्चे खाऊच नयेत. मग एक गाजर, एक कांदा, एक काकडी, मिरची, कोथिंबीर घ्या. सारे पिण्याच्या पाण्याने धुवा, मग चिरा. ओढ्याचे, पाटाचे पाणी नको. गाजराची साल खरवडून काढा. मातीतून जंत पोटात जातात. फार बारीक चिरू नका. जाड फोडी दुपारपर्यंत टवटवीत राहतात.

मीठ घरी घालायचे नाही! मिठाने काकडीला पाणी सुटते. दुपारी डबा उघडावा तर आत नुसते पाणी, आणि भाकरी त्यात भिजलेली. मीठ आणि दाण्याचे कूट यांच्या वेगळ्या पुड्या बांधा. लिंबू आणि टोमॅटो अख्खेच न्या. जेवायला बसल्यावर टोमॅटो चिरा, लिंबू पिळा आणि कालवा. डबा स्टीलचा असावा. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट कळकते. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाखाली ठेवा. बांधावर उन्हात नको. वास आला, बुळबुळीत लागले, तर हळहळू नका. टाकून द्या.

फवारणीचा दिवस असेल तर जास्त जपा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. औषध हाताळल्यावर साबणाने हातपाय धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. फवारलेल्या रानातला पालाही खुडू नका, मग तो कितीही कोवळा दिसो.

आणखी एक. वाढणारी बाई सगळ्यांना वाढते आणि डब्याच्या तळाशी उरेल ते स्वतः घेते. ज्या घरात रक्त तिचेच कमी, तिथे लिंबाची फोड तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा कालवल्याबरोबर सारखे भाग करावेत. गड्यांनीच केले तर उत्तम.

चैत्र-वैशाखात मोडांच्या वाटेला जाऊ नका. त्या उन्हात दुपारपर्यंत टिकण्याचा भरवसा नाही. कांदा, काकडी आणि एखादी कैरी घरी धुऊन अख्खी न्या, आणि झाडाखाली बसून तिथेच चिरा. सुरी फडक्यात गुंडाळून न्यायला विसरू नका.