काश्मीरची भूर्जपोथी पुण्यास कशी आली

इंद्रायणीकाठच्या तळवडे गावाहून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेपर्यंतची वाट फार लांबची नाही. त्या संस्थेत मात्र फार दुरून आलेली एक पोथी आहे. ती ऋग्वेदाची असून भूर्जपत्रावर, शारदा लिपीत लिहिलेली आहे. तिचा क्रमांक '१८७५-७६ मधील ५' असा आहे. वरवर पाहता ही केवळ नोंद. परंतु पोथी कोणत्या वर्षीच्या संग्रहात आली, हे याच नोंदीवरून कळते.

लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांच्या सूचनेवरून हिंदुस्थान सरकारने १८६८ मध्ये संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे कार्य हाती घेतले. मुंबई इलाख्यात ते प्रथम ब्यूलर व कीलहॉर्न यांजकडे होते, पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व पीटर्सन यांनी चालविले. ब्यूलर हे शिक्षण खात्यातील अधिकारी. ते १८७५ मध्ये काश्मीरात गेले आणि तेथील पंडितांच्या संग्रहांतून पोथ्या मिळविल्या. त्यांत ही भूर्जपोथी होती. त्या प्रवासाचा वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भूर्जाची साल ठिसूळ. कागद प्रचारात आल्यावर भूर्जावर लिहिण्याची रीत मागे पडली. घरातला वाचणारा गेला की पोथी अडगळीत पडे, आणि जीर्ण झाली की आपल्याकडे तिला नदीत सोडण्याचाही प्रघात होता. श्रद्धेनेच ग्रंथ बुडावा, हे विचित्र खरे! ज्यांच्या घरी सकळ अथवा सुंदरी लिपीतील बासने आहेत, त्यांना यातील धोका निराळा सांगावयास नको. लिपी जाणणारा उरला नाही, तर पोथी घरात असून नसल्यासारखीच.

सरकारी खर्चाने मिळविलेली असल्यामुळे ही पोथी कोणा एकाच्या घरची राहिली नाही. हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठेवलेला होता. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकरांच्या नावाने संस्था स्थापन झाली आणि १९१८ मध्ये सरकारने तो तिच्या स्वाधीन केला. स्थान बदलले, तरी सालवार क्रमांक बदलले नाहीत. नोंद मोडून नवे आकडे घालण्याचा मोह कोणासही झाला नाही, हे मोठे भाग्य म्हटले पाहिजे. एरवी जुन्या ग्रंथांतील उल्लेख आणि कपाटातील पोथी यांची गाठ पडणे दुरापास्त झाले असते.

उपयोगही झाला. ऋग्वेदाच्या नित्य संहितेबाहेरची जी खिलसूक्ते, त्यांच्या अभ्यासात या काश्मीरी पोथीचे स्थान असाधारण ठरले. शेफ्टेलोविट्झ यांनी १९०६ मध्ये ब्रेस्लाऊ येथे प्रसिद्ध केलेली खिलांची आवृत्ती तिच्याच आधारे सिद्ध झाली.

संस्थेतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा समावेश युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिनोंदीत केला. त्यांतील सर्वांत जुने कालनिर्दिष्ट हस्तलिखित १४६४ चे आहे. एकोणतीस कागदावरची, भूर्जावरची ही एकच. विद्वानांच्या ग्रंथांत तिचा निर्देश अजूनही त्याच क्रमांकाने होतो: १८७५-७६ मधील ५.