मार्ग खुंटला असता

मनुष्य जे जे कर्म आरंभितो, त्याच्या सिद्धीला पाच कारणे लागतात, असे भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. अधिष्ठान म्हणजे कर्माची जागा, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव, अशी ती कारणे होत. पहिली चार बऱ्याच अंशी आपल्याला दिसतात व आवरता येतात. पाचवे दिसत नाही आणि आवरतही नाही. म्हणून विचारपूर्वक केलेला संकल्पही एखाद्या दिवशी अकस्मात मोडतो. मुलगा परीक्षेत नापास होतो, चालता धंदा बसतो, हातपाय धड असताना दुखणे येऊन नोकरी सुटते.

अशा वेळी मनुष्य बहुधा दोन चुकांपैकी एक करतो. बंद झालेल्या दारावरच डोके आपटीत राहणे ही पहिली. एका दाराबरोबर घरच सोडून देणे ही दुसरी. पहिलीला तो निश्चय म्हणतो आणि दुसरीला वैराग्य. वस्तुतः एक हट्ट असतो आणि दुसरा विषाद. या दोहोंमधून जाणारी वाट कशी असते, हे मद्रास शहरातील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, जॉर्ज टाउन भागात घडलेल्या एका वृत्तावरून समजून घेता येते.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. वडील कुंभकोणम येथे कापडाच्या दुकानात कारकून होते. शाळेत हुशार ठरलेल्या या मुलाला १९०४ साली तेथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. परंतु गणिताचे वेड एवढे, की बाकीच्या विषयांकडे पाहणेच राहिले. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०६ साली मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा आरंभ केला. हे महाविद्यालय तेव्हा जॉर्ज टाउनमध्येच होते. तेथे आजारपणाने शिक्षण खंडित झाले. १९०७ साली बाहेरून एफ. ए. ची परीक्षा दिली. गणित सोडून अन्य विषयांत पुन्हा अपयश आले. विद्यापीठाचा दरवाजा बंद झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात घ्यावी. या अपयशात दुखण्याचा भाग दैवाचा होता. परंतु इतर विषयांच्या उपेक्षेचा भाग कर्त्याचाच होता. जो आपल्या वाट्याचा दोष दैवाच्या पदरी टाकतो, तो पुढच्या प्रयत्नात तीच चूक पुन्हा करतो. उलट, दैवाचाही भार जो आपल्याच शिरावर घेतो, तो उगाच स्वतःला कुरतडीत बसतो. पाच कारणे वेगळी सांगण्याचे प्रयोजन हेच, की मनुष्याने त्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा.

१९०९ साली त्यांचा विवाह झाला. आता प्रश्न केवळ विद्येचा उरला नाही, संसाराचाही झाला. १९१० च्या अखेरीस ते नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडे गेले. पोटापुरते मिळावे आणि गणित करावयास सवड असावी, एवढीच त्यांची मागणी होती. रावांनी त्यांना काही काळ दरमहा २५ रुपये दिले. परंतु दुसऱ्यावर फार दिवस भार होऊन राहणे रामानुजन यांना मानवेना. त्यांनी नोकरी शोधली आणि १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात ३० रुपये पगारावर कारकून म्हणून ते रुजू झाले. बिऱ्हाड जॉर्ज टाउनमध्ये शैव मुथय्या मुदली गल्लीत केले.

या पालटात काय बदलले आणि काय बदलले नाही, ते नीट पाहावे. पदवी सुटली, प्राध्यापकपदाची आशा सुटली. गणित सुटले नाही. प्रत्येक ध्येयाला एक टरफल असते आणि एक गाभा असतो. पदवी हे टरफल होते, विद्या हा गाभा होता. संकट आले असता टरफल टाकावयाचे आणि गाभा राखावयाचा, यालाच विवेक म्हणतात. कागद महाग, म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पुसत आणि फल तेवढे वहीत उतरून घेत. कचेरीचे प्रमुख लेखापाल नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार निघाले आणि त्यांच्याबरोबर बसून अभ्यास होऊ लागला.

पुढचे वृत्त प्रसिद्ध आहे. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले. त्याआधी तेथील दुसऱ्या गणितज्ञांना लिहिलेल्या पत्रांतून काहीच निष्पन्न झाले नव्हते. हार्डींनी मात्र त्यांची योग्यता ओळखली. त्याच वर्षी, पदवी नसताही, मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. समुद्रगमनास घरची परंपरा आड येत होती; ती अडचणही ओलांडून १७ मार्च १९१४ रोजी ते विलायतेस निघाले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

परंतु वाचकांनी येथेच थांबून, कारकुनी केली म्हणून कीर्ती मिळाली, असे तात्पर्य काढू नये. प्रत्येक कारकुनाच्या पत्राला केंब्रिजहून उत्तर येत नाही. १ मार्च १९१२ या दिवशी रामानुजन यांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा निर्णय त्या दिवसापुरता तोलून पाहावा. हार्डींचे उत्तर कधीच आले नसते, तरीही घरात ३० रुपये येत होते, कोणाचे मिंधेपण नव्हते आणि रात्री पाटी हाती होती. निर्णय तेव्हाही योग्यच ठरला असता. दुसऱ्या अध्यायात अधिकार कर्मावर सांगितला, फळावर नाही, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

याचा पुरावा त्यांच्या अखेरच्या वर्षात मिळतो. १९१७ पासून प्रकृती ढासळली. १९१९ साली ते परत आले. आता हरावयाचा होता तो देहच. तरीही जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना एका नव्या प्रकारच्या फलनांविषयी लिहिले, आणि २६ एप्रिल १९२० रोजी, बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे देह ठेवला. त्या वर्षातील लिखाणाची पाने १९७६ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांच्या हाती लागली, आणि गणितज्ञांनी त्यांवर पुढे अनेक वर्षे काम केले. योगमार्गात मध्येच थांबलेल्याचा फाटक्या ढगासारखा नाश होतो काय, असे अर्जुनाने सहाव्या अध्यायात विचारले आहे. कल्याणकारी कर्म करणाऱ्याची दुर्गती होत नाही, असे भगवंतांचे उत्तर आहे.

गृहस्थाने यातून चार गोष्टी घ्याव्या. आघात ताजा असता मोठा निर्णय करू नये. पहिल्या अध्यायातील अर्जुनाप्रमाणे त्या वेळी बुद्धी शोकाची वकिली करते. मग अपयशातील आपला वाटा आणि दैवाचा वाटा वेगळा करावा. आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या अन्नाची सोय आधी लावावी. तीत कमीपणा नाही. आणि ध्येयाचा गाभा ओळखून त्यासाठी रोजचा थोडा वेळ, अर्धी घटका का होईना, राखावा.

मननासाठी प्रश्न: माझा जो संकल्प मोडला, त्यातील टरफल कोणते आणि गाभा कोणता? लोकांनी कधीच वाखाणले नाही, तरी मी त्यातील काय करीत राहीन? या दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर येईल, तेथूनच पुन्हा आरंभ करावा.