आजचं चिंतन : खारीचा वाटा खरंच किती?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४०



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला मोठा दिलासा देतात. या मार्गावर सुरू केलेलं काहीच वाया जात नाही. थोडंसं आचरणही माणसाला मोठ्या भयातून तारून नेतं. यातला 'थोडंसं' हा शब्द धरून ठेवा. तो शिकवायला आज आपल्याकडे एक छोटी गुरू आली आहे : खारूताई.

वाशीम, कारंजा, रिसोड, कुठेही जा, अंगणातल्या कडुलिंबावर ती दिसतेच. उन्हाळ्यापूर्वी पळस फुलला की फुलातला रस प्यायला तिथेही पोचते. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडत राहणं तिला भागच आहे. मागच्या पायांचे घोटे ती उलटे फिरवू शकते, त्यामुळे झाडावरून डोकं खाली करून सरसर उतरते. मांजर दिसलं की शेपटी झटकत 'चिक् चिक्' ओरडते आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सावध करते. वजन म्हणाल तर जेमतेम शंभर ग्रॅम!

आता सेतूची गोष्ट. सगळे वानर मोठमोठे दगड आणत होते. खारूताई पाण्यात भिजली, वाळूत लोळली आणि अंगाला चिकटलेली वाळू सेतूवर झटकून आली. पुन्हा पुन्हा. रामाने तिला उचललं, पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले.

"हे खरंच घडलं का?" असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. ही कथा वाल्मीकी रामायणात नाही. ती भक्तांच्या परंपरेतून आली आहे. तमिळ संत तोंडरडिप्पोडी आळवार यांच्या 'तिरुमालै'मध्ये या खारींचा उल्लेख आहे. आणि पट्टे मोजायचेच असतील तर आपल्या देशात तीन पट्ट्यांची खार आहे, तशी पाच पट्ट्यांचीही आहे. आपला राज्यप्राणी शेकरू खारीच्याच कुळातला, पण त्याच्या पाठीवर असे पट्टेच नाहीत. मग काय, शेकरूवर रामाची कृपा नाही? तसं नाही. कथेचा जीव पट्ट्यांत नाही, वाळूत आहे.

जरा बघा. धुळीत लोळणं ही खारींची सवयच आहे. अंगावरच्या किड्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून त्या तसं करतात. म्हणजे कथेतल्या खारीने सेवेसाठी नवीन काहीच शिकून घेतलं नाही. हनुमंतासारखं बळ येऊ दे, मग बघू, असं म्हणत ती थांबली नाही. रोज जे करत होती तेच केलं, फक्त रामाच्या दिशेने केलं. 'थोडंसं' म्हणजे हेच.

आपण मात्र इथेच अडतो. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेले आपण. वारीला जायला रजा नाही, मोठं दान द्यायला पैसा नाही, तासभर जपाला वेळ नाही. मग मन म्हणतं, "एवढ्याशाने काय होणार?" आणि ते एवढंसंही सुटतं. मित्रांनो, खरा तोटा इथे होतो. थोडं करणाऱ्याचं काही वाया जात नाही, पण थोडं म्हणून सोडून देणाऱ्याच्या हाती काय उरतं?

वॉटर कपच्या वेळी आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या गावांनी श्रमदान केलं, ते आठवा. कुणी कुदळ मारली, कुणी रांगेत उभं राहून मातीचं घमेलं पुढे दिलं. एका घमेल्याने बांध होत नाही. पण पाऊस पडल्यावर त्या बांधाशी थांबलेल्या पाण्यातून 'हे माझ्या घमेल्याचं' असं वेगळं काढता येईल का? सेतूतही खारीची वाळू वेगळी काढता येत नाही. ती दगडांच्या फटीत बसली आणि सेतूच झाली.

आजची कृती : रोज करताच त्यातली एक गोष्ट निवडा आणि ती भगवंताच्या दिशेने वळवा. स्वयंपाक करताना नाम घ्या. ऑफिसमधल्या नवीन मुलाला काम समजावून सांगा. गावाकडे आईला फोन करा आणि "जेवलीस का?" एवढंच न विचारता दहा मिनिटं तिचं ऐका.

आणि हो, वादळवाऱ्यात घरट्यातून पडलेलं खारीचं पिल्लू दिसलं तर गाईचं दूध पाजू नका, त्याने पोट बिघडतं. पिल्लू धडधाकट असेल तर उबदार खोक्यात ठेवून त्याच झाडाशी ठेवा आणि लांबून लक्ष द्या. आई बऱ्याचदा येऊन त्याला तोंडात धरून घेऊन जाते. जखमी असेल तर वनविभागाला किंवा प्राणिमित्रांना कळवा. हाही खारीचाच वाटा!

प्रार्थना : हे रामराया, माझ्याकडे दगड नाहीत, वाळू आहे. ती कमी आहे म्हणून मी काठावर बसून राहू नये, एवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!