उड्या मारणाऱ्या ट्रकची चासी

प्रश्न : माझ्या १/५ मापाच्या रिमोटच्या मॉन्स्टर ट्रकची ॲल्युमिनियम चासी मोठ्या उड्यांनंतर मधोमध वाकली. जाड पट्टी बसवू का?

उत्तर : बसवा, पण आधी ट्रक खाली कसा उतरतो ते बघा. नाकावर आदळला की पुढचा भाग जागीच थांबतो आणि मागून येणारं बॅटरी-मोटरचं वजन मधल्या पट्टीवर येतं. हवेत थ्रॉटल दिला की नाक वर उचलतं, ब्रेक दाबला की खाली जातं. हे बोटांत मुरलं की निम्मं काम झालं. मात्र चाकं टेकताना फुल थ्रॉटल नको, डिफरन्शियलचे दात तुटतात. पोट सारखं जमिनीला आपटत असेल, तर शॉकमध्ये जरा घट्ट तेल भरा.

आता पट्टी. ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा ताठपणा जवळपास सारखाच असतो, पण कायमचं वाकण्याआधी ७०७५ सुमारे पावणेदोन पट ताण सोसतं. जाडी ३ मिमीची ४ केली तर ताठपणा सुमारे २.४ पट होतो. तरी मला विचाराल तर पहिला खर्च पुढच्या-मागच्या ब्रेसवर करा. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला धरलेला हा तिरका दांडा चासीला वाकूच देत नाही.

वाकलेली पट्टी ठोकून सरळ करण्याआधी स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा शोधा. एक जरी दिसली, तर पट्टी भंगारात टाका.