जानुशोथ आणि मांडीचे बल

स्वेच्छेने लावलेला पूर्ण जोर म्हणजे मांसपेशीच्या क्षमतेची परिसीमा नव्हे. १९६१ मध्ये इकाई व स्टाइनहाउस यांनी निरोगी व्यक्तींच्या बाहूचे बल मोजले. जोर लावताना स्वतः आरोळी ठोकल्यास ते सरासरी सुमारे १२ टक्के वाढले. ओझे उचलताना हमाल ओरडतात, ते उगीच नव्हे! मांस तेच होते, प्रेरणा वाढली. सर्व चेष्टांचे प्रवर्तन वायूकडे सोपविणाऱ्या आपल्या शास्त्रास यात नवल नाही.

चिकित्सेत याचे मोल जानुसंधीपाशी कळते. धडगाव, तोरणमाळच्या चढणीवर मोळ्या वाहणारे रुग्ण 'मांडी धरत नाही' असे सांगतात. मांडी मात्र पुष्कळदा वाळलेली नसते. सांध्यात द्रव साचला की, वेदना नसतानाही, तेथील संवेदना मेरुरज्जूच्या पातळीवर मांडीच्या पुढील पेशीची प्रेरणा रोखते. अशा वेळी केवळ बल्य औषधे देत राहणे आम्हांस अपुरे वाटते. प्रथम शोथ उतरवावा. सोबत रुग्णास उताणे निजवून, गुडघ्याखाली कापडाची घडी ठेवून, ती दाबत मांडी आवळण्याचा व्यायाम सुश्रुतोक्त बलार्धाच्या मर्यादेत रोज करवावा. सांधा तप्त असून ज्वर असल्यास, अथवा पायास बधिरता असल्यास, रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.