फीडबॅक लूप आणि आपली नाती

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

"तुझं काहीतरी बिनसलंय. सांग ना!" साताऱ्याहून तो फोनवर विचारत होता. "काही नाही," म्हणत मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी अकरा मिस्ड कॉल. जितके कॉल जास्त, तितकी मी गप्प. सांगलीच्या हॉस्टेलवर महिनाभर हेच चाललं आणि दोन वर्षांचं नातं तुटायला आलं.

कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकतो, पॉझिटिव्ह फीडबॅकचा लूप गेन एकच्या वर गेला की सिस्टिम अनस्टेबल होते. आमचंही तेच! पण तो मागे का लागतो आणि मी पळ का काढते?

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मते घाबरलेलं मूल आधारासाठी जवळच्या माणसाकडे धावतं. आधार मिळत गेला की विश्वास बसतो. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं की मूल चिकटून राहतं. मिळतच नसेल तर मागणंच सोडतं. मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या मुलांमध्ये हे तीन प्रकार दाखवले. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी तेच प्रेमाला लावून पाहिलं. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या 620 वाचकांपैकी साधारण 56 टक्के निश्चिंत, 25 टक्के अंतर राखणारे आणि 19 टक्के सतत धास्तावलेले निघाले.

मी अंतर राखणारी. पाचवीपासून बोर्डिंगला होते. रात्री रडलं की मुली चिडवायच्या, म्हणून उशीत तोंड खुपसायला शिकले. घरी कौतुक व्हायचं, "किती समजूतदार पोर!" त्याचे वडील फिरतीवर, कधी येतील याचा नेम नसायचा. म्हणून माझं गप्प राहणं त्याला सोडून जाणं वाटतं आणि त्याचे प्रश्न मला उलटतपासणी.

यात आईवडिलांना दोष द्यायचा नाही. ही सवय आहे, जन्मठेप नव्हे. चांगल्या अनुभवांनी ती बदलते.

लूप कुठेतरी तोडावा लागतो. आता मी "काही नाही" म्हणत नाही. "आत्ता बोलवत नाही, रात्री नऊला फोन करते," असं सांगते, आणि नऊला करतेच. तोपर्यंत त्याने थांबायचं. वेळ पाळणं सगळ्यात महत्त्वाचं.

झोप-जेवणच उडालं असेल तर मात्र एकट्याने कुढू नका. 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानसचा नंबर 14416 आहे.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच फोनवर रडले. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. नुसता लाइनवर थांबला.